मोटारीच्या तेलगळतीचा हिशेब

गिरगांवांत किंवा दादर-परळकडे ज्या कुटुंबांत मोटार आहे, तेथें ती एकट्या कर्त्या पुरुषाची क्वचितच असते. आजोबांस डॉक्टरांकडे नेणें, मुलांस शाळेंत पोंचविणें, लग्नकार्याचें सामान आणणें हीं सारीं कामें तीच करते. म्हणून तिच्या दुरुस्तीचा आकडा सामाईक खर्चांत पडतो. परंतु तो योग्य कीं अयोग्य, हें घरांत बहुधा कोणासच सांगतां येत नाहीं. तेलगळतीच्या बाबतींत हा घोटाळा विशेष होतो. एका गाडीची गळती कांहीं शेंकड्यांत बंद होते, दुसरीस कित्येक हजार पडतात, आणि जमिनीवरचा डाग मात्र दोहींचा सारखाच दिसतो! असें कां व्हावें, हें आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा येथें विचार आहे.

इंजिन हें अनेक भाग बोल्टांनीं एकत्र आवळून केलेलें असतें. दोन स्थिर भागांच्या सांध्यांत गॅस्केट बसवितात. आणि फिरणारा दांडा जेथें बाहेर येतो तेथें रबरी ऑइल सील असतें. वर्षानुवर्षे उष्णता सोसून रबर कडक होतें, त्याची लवचिकता जाते आणि तेल वाट काढतें. ही वाट वरच्या टॅपेट कव्हराशीं, तेलाच्या फिल्टरापाशीं, खालच्या चेंबरच्या बुचाशीं किंवा त्याच्या सांध्याशीं, अथवा क्रँक दांड्याच्या पुढच्या वा मागच्या टोकाशीं असूं शकते.

खर्चाचें सारें मर्म या जागेंत आहे. बुचाचा वॉशर बदलणें हें तेल बदलतांना सहज होणारें काम. टॅपेट कव्हर वरच असल्यामुळें बहुतेक गाड्यांत तें लवकर उघडतें. परंतु मागचें सील इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्यें दडलेलें असतें. तें सील हातीं येण्यासाठीं गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि कारागिराचा जवळजवळ सबंध दिवस त्यांत जातो. सील स्वस्त, पण तेथवर पोंचण्याची मजुरी भारी. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण शाकाहारी घरांतहि ठाऊक असते. तिचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण!

जुन्या पिढीस वाटतें कीं पूर्वी हीं कामें स्वस्तांत होत. त्यांत कांहीं तथ्य आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची होती. तिचें १०८९ सी.सी.चें इंजिन लांबीच्या दिशेनें बसविलेलें असे, आणि भोंवतीं हात घालावयास जागा असे. टॅक्सीच्या रूपानें ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत या रस्त्यांवर धांवली. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवें असतें आणि पुढचींच चाकें ओढतात. त्यामुळें इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांचे दांडे एकाच कोपऱ्यांत दाटीनें बसविलेले असतात. गाडी आटोपशीर झाली, परंतु एक सील काढण्यासाठीं सोडावयाचे भाग वाढले.

म्हणून दुरुस्तीस होकार देण्यापूर्वीं जागा निश्चित करावी. रात्रीं गाडीखालीं स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि सकाळीं ठिपके पाहावे. तपकिरी किंवा काळा, बुळबुळीत ठिपका इंजिन तेलाचा. हिरवा किंवा गुलाबी बहुधा रेडिएटरमधील कूलंटचा. आणि निव्वळ पाणी असेल तर तें वातानुकूलन यंत्राचें. मुंबईच्या दमट हवेंत हें पाणी पुष्कळ पडतें व त्याची चिंता नको. चाकाजवळ पिवळसर, पातळ द्रव दिसल्यास मात्र ब्रेकची शंका घेऊन गाडी हलवूं नये. तेल वाऱ्यानें मागें पसरतें व वरून खालीं ओघळतें. यास्तव इंजिन पुसून, थोडें चालवून, मगच तेलाचा उगम शोधावयास सांगावें.

मेस्त्रीस तीन प्रश्न अवश्य विचारावे. पहिला, गळती नेमकी कोठें, तें दाखवितां काय? दुसरा, इंजिनांतील वायु बाहेर नेणारी नळी व तिची झडप तुंबली आहे काय? ती तुंबली म्हणजे आंत दाब वाढून चांगल्या सीलांतूनहि तेल बाहेर येतें, आणि नवें सीलहि फार दिवस टिकत नाहीं. तिसरा, मजुरी किती व सामान किती, हें निरनिराळें लिहून द्याल काय? सुट्या भागाची किंमत वेष्टनावर छापलेली असते. गिरगांवाशेजारीं ऑपेरा हाऊसच्या परिसरांतील दुकानांतहि ती विचारतां येते. मागच्या सीलासाठीं गिअरबॉक्स उतरणारच असेल आणि क्लचप्लेट झिजलेली असेल, तर ती त्याच वेळीं बदलावी. म्हणजे तीच मजुरी दोनदां पडत नाहीं.

गळती लहान आहे म्हणून सोडून देणें हें मात्र काटकसरीचें लक्षण नव्हे. मागच्या सीलाचें तेल क्लचवर गेलें तर क्लच घसरूं लागतो. तापलेल्या धुराच्या नळीवर पडलें तर धूर होतो व प्रसंगीं आगहि लागते. आणि तेल संपून इंजिन जाम झालें, तर त्या एका बिलापुढें सर्व सीलांचा खर्च क्षुल्लक ठरतो. दर आठवड्यास, गाडी सपाट जागीं थंड असतां, तेलाची पट्टी काढून पाहावी; दोन खुणांच्या मध्यें तेल असलें म्हणजे पुरे. तेलाचा तांबडा दिवा चालतां चालतां लागला, तर घर दोन मिनिटांवर असलें तरी इंजिन तेथेंच बंद करावें.

घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें ही पट्टी पाहण्याचें काम अंगावर घेतलें, तर त्यास यंत्राची ओळख होईल आणि घरच्या तिजोरीचें रक्षणहि होईल. वहींत तारीख आणि तेलाची पातळी लिहीत गेल्यास दोन-तीन महिन्यांत गळती वाढते आहे कीं नाहीं हें स्पष्ट दिसतें. मग मेस्त्रीसमोर उभें राहतांना आपल्या हातीं नुसता संशय नसतो, पुरावा असतो.