उठायची घाई नको

बोटीमागे दोर धरून पाण्यावर घसरण्याचा खेळ, म्हणजे वॉटर स्कीइंग, १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने करून दाखवला. त्यातल्या स्लालम प्रकारात दोन्ही पाय एकाच स्कीवर, एकामागे एक. बोयांना वळसे घालणारा खेळाडू पाहिला की वाटते, लागेल ते इथेच. पण नवशिक्याची एक मोठी दुखापत त्याआधीच होते, पाण्यातून उठताना.

बोट ओढू लागली की माणूस घाबरून गुडघे ताठ करतो आणि कमरेत पुढे वाकतो. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातो. तो दोन्हीकडून एकदम ताणला जातो आणि कधी कधी बसण्याच्या हाडापासून चक्क उपटतो. ओल्या फरशीवर पाय पुढे घसरला तरी हेच होऊ शकते.

म्हणून गुडघे छातीशी, हात सरळ, आणि उकिडवे राहून बोटीला ओढू द्यायचे. स्की पाण्यावर आली की मगच सावकाश उठायचे. चालकानेही हिसका देऊ नये.

कुल्ल्याखाली ‘कट्’ झाले, बसताना दुखते, दोन-चार दिवसांनी मांडीमागे काळेनिळे दिसते, तर ‘लचक भरली’ म्हणून तेल चोळत बसू नका. एमआरआयमध्ये स्नायू हाडापासून पूर्ण सुटलेला दिसला तर अनेकदा शस्त्रक्रिया लागते. पहिल्या काही आठवड्यांत ती तुलनेने सोपी असते. नंतर स्नायू खाली सरकून आखडतो, आणि शेजारची सायटिक नस त्या व्रणात अडकू शकते.