पियानो म्हणजे मोठी पेटी नव्हे

नाशिकात पियानोच्या एकल मैफलीची वार्ता आली आणि पत्रिकेवर शोपँ, शूमान, लिस्ट या नावांच्या माथ्यावर ‘रोमँटिक संगीत’ असा मथळा दिसला, की एरवी रात्र रात्र ख्याल ऐकणारी जाणती मंडळीही ‘ते आपले नव्हे’ असे म्हणून बाजूला सरतात, याचा मला मनापासून खेद वाटतो; कारण त्यांची वाट अडविणारी भिंत अभिरुचीची नसून निव्वळ गैरसमजांची आहे.

पहिला घोटाळा शब्दाचाच. ‘रोमँटिक’ म्हणजे प्रेमगीते, हा अर्थ चित्रपटांनी रूढ केला. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मात्र तो शब्द एका व्यापक मनोवृत्तीचा वाचक होता, आणि व्यक्तीच्या अंतरंगाची गूढता, निसर्गाचे रौद्र व रम्य रूप, लोककथा, मातृभूमीची ओढ हे सारे तीत सामावले होते. १८१० साली पोलंडात जन्मलेला शोपँ विशीतच मायदेशाबाहेर पडला, १८३१ मध्ये पॅरिसला पोहोचला, पुन्हा कधीही परतला नाही, आणि आपल्या प्रांतीच्या नाचांच्या लयीवर मजुर्का रचीत राहिला. त्या रचनांना प्रणयगीते म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होय. प्रणय, निसर्ग आणि विद्रोह ही एकाच वृत्तीची रूपे कशी असू शकतात, हे ज्या गावाने कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ आपली मानली, त्या गावाला वेगळे समजावून देण्याचे प्रयोजन नाही.

दुसरा समज अधिक दृढ आहे आणि त्याचा उलगडाही अधिक रोचक आहे. पट्ट्या सारख्या दिसतात, म्हणून पियानो ही मोठी पेटीच, असे मानले जाते. वस्तुतः पेटीत भात्याची हवा धातूच्या पातळ पत्तीला कंप देते, आणि भाता चालू असेतो स्वर अखंड राहतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी प्रत्येकीच्या मागे नमद्याने मढविलेली एक हातोडी असून ती तारेवर आघात करून तत्क्षणी मागे फिरते. आघात हलका की जोरकस, यावर नाद अवलंबून. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने हे वाद्य सिद्ध केले ते याच सामर्थ्यासाठी, आणि त्याच्या नावातला ‘पियानो’ म्हणजे ‘मंद’. परंतु एकदा उमटलेला स्वर वाढविण्याची मुभा वादकाला नाही. तो क्षणाक्षणाने विझत जातो. मींड तर या वाद्यावर अशक्यच. मग विझणाऱ्या स्वरांतून अखंड गाण्याचा आभास कसा निर्माण करावा, हीच वादकाची खरी तालीम; म्हणूनच शोपँ आपल्या शिष्यांना इटालियन गायकांचे गाणे ऐकावयास सांगे. राहिला परकेपणाचा आक्षेप. जी पेटी आपल्या कीर्तनात आणि बैठकीत घरच्यासारखी वावरते, तिच्या मूळ वाद्याचे, हार्मोनियमचे, पेटंट अलेक्झांडर दबँ याने १८४२ साली पॅरिसमध्येच घेतले, आणि तेव्हा शोपँही त्याच शहरात वास्तव्यास होता. एकीला आपण सोयरी मानले. दुसऱ्याला परका ठरविण्यास आधार कोणता?

‘सारे लिहून ठेवलेले असते, मग वादकाचे कर्तृत्व ते काय,’ असेही विचारले जाते. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी येथे पंचवटीत रामनाम आधार आश्रम स्थापिला, त्यांनीच आपल्या गायनासाठी स्वरलिपी सिद्ध केली होती. चिजा कागदावर उतरल्याने गायन निर्जीव झाले, असे कोणी म्हटले नाही. कागद स्वर सांगतो, श्वास सांगत नाही. या संगीतात ‘रुबातो’ नावाचा प्रकार आहे. त्याचा शब्दार्थ ‘चोरलेला’ आणि चोरी काळाची: वादक एखाद्या स्वरावर किंचित रेंगाळतो व पुढे घाई करून ते ऋण फेडतो. शोपँच्या शिष्यांनी नमूद केले आहे की, डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्याने मोकळे गावे, असा त्याचा आग्रह असे. तबल्याच्या ठेक्यावर मोकळेपणाने झुलणारा ख्याल ज्याने ऐकला आहे, त्याच्या कानाला हे अपरिचित नाही.

एकट्याने बसून संपूर्ण कार्यक्रम वाजविणे हा सनातन शिरस्ता, हेही खरे नव्हे. पूर्वी गायक आणि इतर वादकही त्याच कार्यक्रमात भाग घेत. एकल वादनाला ‘रिसायटल’ हे नाव लिस्टच्या १८४० च्या लंडनमधील कार्यक्रमांपासून रूढ झाले. मोठ्या रचनेच्या दोन भागांमध्ये टाळ्या न वाजविण्याचा आजचा दंडकही पुढचाच. त्या काळी भागाभागाला दाद मिळे. आज मात्र रचना पूर्ण होईतो थांबावे हे उचित. शेवटचा स्वर विझेतो थांबले तर त्याहून उत्तम.

आसनाविषयी एक सांगतो. पुढची रांग सर्वोत्तम, असे गृहीत धरू नये. पियानोचे झाकण श्रोत्यांकडे उघडते आणि वादकाची उजवी बाजू आपल्याकडे असते. म्हणून रंगमंचाकडे तोंड करून डाव्या अंगाला, चारसहा रांगा मागे बसावे. तेथून दोन्ही हात दिसतात, आणि उजवा हात गात असता डावा लय कशी धरून ठेवतो, हे डोळ्यांनी पडताळून पाहता येते.