डहाणूला दिलेल्या शब्दाचे काय झाले?

डहाणू तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराच्या जोडीला आता विमानतळ आणि ‘चौथी मुंबई’ या नव्या शहराचा प्रस्तावही आला आहे. 76,220 कोटींचा खर्च, नऊ कंटेनर टर्मिनल्स, 12 लाख रोजगार हे आकडे वाचकांना पाठ झाले असतील. किनाऱ्याजवळच सुमारे 20 मीटरची नैसर्गिक खोली मिळते, म्हणून जागा वाढवणची. बंदर समुद्रात भराव घालून उभे राहणार असून हा भराव 1,448 हेक्टरांचा आहे.

या बातम्यांत डहाणूचा मागचा इतिहास क्वचितच येतो. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या अतिसंवेदनशील ठरला आणि उद्योगांवर कडक मर्यादा आल्या. त्या पाळल्या जात नाहीत असे दिसल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमायला लावले. अध्यक्षपदी आले निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

त्यांच्या काळातले हे प्राधिकरण म्हणजे स्थानिक लोकशाहीचा महाराष्ट्रातला एक दुर्मीळ प्रयोग होता. चिकूचे बागायतदार, मच्छीमार, आदिवासी कार्यकर्ते आणि कंपन्यांचे वकील एकाच खोलीत बसत आणि प्रत्येकाला बोलता येई. डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाचे उदाहरण पाहा. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला. कंपनीने तो कोर्टकचेऱ्यांत अडकवून पाहिला, पण प्राधिकरण मागे हटले नाही आणि 2007 मध्ये यंत्रणा सुरू झाली. वीज प्रकल्प बंद पडला नाही, चिकूच्या बागाही राहिल्या. विकास आणि पर्यावरण यांतले एकच काहीतरी निवडावे लागते, असे म्हणणाऱ्यांनी ही आठ वर्षांची झुंज जरूर अभ्यासावी.

वाढवणचा प्रस्ताव पहिल्यांदा आला तेव्हाही याच प्राधिकरणाने 1998 मध्ये नकार दिला. अधिसूचनेत असे बंदर बसत नाही, हे त्याचे कारण.

मग बदलले काय? समुद्र तोच, मासेमारीही तीच. 2020 मध्ये केंद्राने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि त्याच वर्षी प्रदूषणाच्या वर्गवारीत बंदरांना उद्योगांतून काढून बिगर-औद्योगिक कामांत बसवले. धर्माधिकारी 2019 मध्येच गेले होते. जुलै 2023 मध्ये प्राधिकरणाने अटी घालून ना-हरकत दिली, एप्रिल 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि 30 ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले.

लोकांना विचारलेच नाही, असे सरकार म्हणू देणार नाही. 19 जानेवारी 2024 ला पालघरमध्ये जनसुनावणी झाली. पण जनसुनावणीत हरकती फक्त नोंदवल्या जातात, मत मोजले जात नाही. पर्यावरण मंजुरीचा निर्णय होतो तो दिल्लीत. डहाणू हा अनुसूचित तालुका आहे. आदिवासी भागांतल्या स्वशासनाच्या ‘पेसा’ कायद्याने तिथल्या ग्रामसभेला जमीन संपादनाआधी सल्लामसलतीचा हक्क दिला आहे. मात्र इथे मच्छीमारांची खरी शेती म्हणजे समुद्र, आणि त्याचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. त्यामुळे घोळ आणि पापलेट या माशांच्या जागांवर भराव पडणार असताना, ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांच्या हाती कायद्याने फारसे काही उरत नाही. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा इतकी वर्षे टिकली, तिचे एक मोठे कारण हे आहे. तिला विकासविरोध म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

भराव आणि वाळूउपशाची कामे वर्षानुवर्षे चालणार आहेत आणि ना-हरकतीतल्या अटी कागदावर आहेतच. त्यांचे पालन होते की नाही, याची सुनावणी डहाणूतच, खुल्या दारांनी आणि मराठीत व्हायला हवी. अट मोडली तर काम थांबवण्याचा अधिकार प्राधिकरणाने वापरून दाखवायला हवा. वीज कंपनीला जे लागू झाले, ते सरकारी बंदरालाही व्हायला हवे.