माझगावची टेकडी
डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरले की मी नातीचा हात धरून भंडारवाड्याची टेकडी चढते. मुंबई सात बेटांची होती, तेव्हा माझगाव त्यातलंच एक. इथे कोळी मासळी वाळवायचे, भंडारी माडावर चढून माडी काढायचे. पुढे इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने तो घेतला आणि पुढच्या वर्षी जाताना उद्ध्वस्त केला. आज तिथे स्वातंत्र्यसेनानी काका बाप्टिस्टांच्या नावाची बाग आहे, बागेखाली जलाशय. कठड्याशी उभं राहून मी नातीला खालचे रूळ आणि पलीकडची गोदी दाखवते. सांगते, ‘‘बाळा, किल्ला गेला, माड गेले, पण भंडारवाडा हे नाव टिकलंय. ते आपण जपायचं.’’