ई-मेल संवादांचे एकत्रित संकलन : सोय आणि उत्तरदायित्व

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये 'माहिती'ची व्याख्या करताना अभिलेख, ज्ञापने, परिपत्रके व आदेश यांच्याबरोबर ई-मेलचाही स्पष्ट उल्लेख आहे. नागरिकाने मागितलेली माहिती सर्वसाधारणपणे ३० दिवसांच्या आत देणे कार्यालयास बंधनकारक आहे. हे ई-मेल नष्ट झालेले नसतात. ते टपालपेटीतील हजारो संदेशांत विखुरलेले असतात. ते शोधण्यात जाणारा वेळ हाच येथील खरा खर्च होय. हा खर्च कमी करण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित 'एजंट' प्रणाली पुढे आल्या आहेत. ही साधने कसे कार्य करतात आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

संदेश नव्हे, संवाद

शासकीय नस्तीत टिप्पणी आणि पत्रव्यवहार क्रमाने लावलेले असतात. त्यातील एकच कागद काढून वाचल्यास निर्णयामागील कारण कळत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. 'मान्य आहे' एवढ्याच मजकुराच्या उत्तराला मूळ प्रस्तावाशिवाय अर्थ नसतो. ही जोडणी करण्याची सोय ई-मेलच्या रचनेतच आहे. १९८२ साली निश्चित झालेल्या तांत्रिक मानकात प्रत्येक संदेशासाठी स्वतंत्र ओळखक्रमांकाची, तसेच उत्तर कोणत्या संदेशाला दिले आहे हे नोंदविण्याची तरतूद होती. या नोंदींच्या आधारे परस्परसंबंधित संदेशांचा एक संवाद तयार करता येतो.

एकत्रित मागणीचे अर्थशास्त्र

एखाद्या पाणीपुरवठा योजनेच्या निविदेसंबंधी ४० संवाद तपासावयाचे आहेत, असे समजू. एजंटने ते एकेक करून मागविल्यास ४० वेळा मागणी, ४० वेळा प्रतीक्षा आणि प्रत्येक वेळी पुढील पावलाचा विचार, असा क्रम चालतो. एकत्रित संकलनाच्या साधनास मात्र ४० संवादांच्या ओळखक्रमांकांची यादी एकदाच दिली जाते आणि सर्व संवाद एकाच उत्तरात परत येतात. एजंट आणि अशी साधने यांना जोडणारी 'मॉडेल कंटेक्स्ट प्रोटोकॉल' ही खुली पद्धती अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली.

या सोयीला मर्यादाही आहेत. जीमेलच्या प्रणालीत १०० पर्यंत मागण्या एकत्र पाठविता येतात. परंतु वापराच्या कोट्यात त्यांतील प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे मोजली जाते. शिवाय एजंट एका वेळी ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकतो. प्रत्येक उत्तराखाली आधीचा मजकूर पुन्हा जोडलेला असल्याने ही जागा लवकर भरते. त्यामुळे प्रथम केवळ विषय, तारीख व पाठविणाऱ्याचे नाव मागवून निवड करणे, नंतर निवडक संवाद पूर्ण आणणे आणि पुनरुक्ती वगळणे, ही पद्धत किफायतशीर ठरते.

अपूर्णतेचा धोका

याहून गंभीर प्रश्न अपूर्ण उत्तराचा आहे. ४० पैकी ३ संवाद तांत्रिक कारणाने आलेच नाहीत, तर साधनाने ते स्वतंत्रपणे कळविले पाहिजे. तसे न झाल्यास एजंट ३७ संवादांवरून सुबक गोषवारा तयार करील आणि वाचणाऱ्यास उणीव जाणवणारही नाही. कदाचित त्या तिनांतच निविदेची अट बदलल्याचा उल्लेख असेल.

दुसरा धोका सुरक्षिततेचा आहे. टपालपेटीत कोणीही संदेश पाठवू शकतो. संदेशातच एजंटला उद्देशून छुपी सूचना लिहिलेली असल्यास, तो तिला मजकूर न समजता आज्ञा समजण्याची शक्यता असते. मायक्रोसॉफ्टच्या ३६५ कोपायलटमध्ये या प्रकारची 'इकोलीक' नावाची त्रुटी जून २०२५ मध्ये उघड झाली. कंपनीने ती दुरुस्त केली. संवाद जितके अधिक एकत्र आणावेत, तितकी अशा एका संदेशामुळे होणाऱ्या हानीची व्याप्ती वाढते.

म्हणून एजंटला केवळ वाचण्याची परवानगी असावी. तीही ठरावीक विषय व कालावधीपुरती. उत्तर पाठविण्याचा अधिकार वेगळा ठेवावा आणि काय वाचले गेले याची नोंद राहावी. ई-मेलमध्ये त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहितीही असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यामुळे गरजेपुरतेच संकलन करणे हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाही.

स्वाक्षरी कोणाची?

माहिती अधिकाराच्या कायद्यात जाणूनबुजून चुकीची, अपूर्ण किंवा दिशाभूल करणारी माहिती देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यास दंडाची तरतूद आहे. विनाकारण विलंब झाल्यास दररोज २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होतो. हा दंड अधिकाऱ्यावर बसतो, साधनावर नव्हे. साधनामुळे शोधाचे कष्ट निश्चितच वाचतील. त्या वाचलेल्या वेळातील काही भाग मागविलेल्या आणि प्रत्यक्ष आलेल्या संवादांची यादी ताडून पाहण्यासाठी राखून ठेवला, तरच नागरिकाच्या हाती पडणारे उत्तर वेळेवर आणि पूर्ण असेल.