पावती दाखवा!

बाजारात माल घेतला की दुकानदार पावती देतो. कोणी काय घेतले, किती दाम मोजले आणि कोणत्या तारखेस, हे तीवर लिहिलेले असते. पुढे तंटा उपस्थित झाला, तर माणसाच्या स्मरणापेक्षा कागदाचा तो लहानसा कपटाच अधिक विश्वसनीय ठरतो. या साध्या व्यवहारी शब्दाला अमेरिकेतील बोलभाषेने नवाच अर्थ दिला आहे. समाजमाध्यमांवर ‘रिसीट्स’, म्हणजे पावत्या, म्हटले की त्याचा अर्थ होतो पुरावा; आणि तोही बहुधा एखाद्याचे ढोंग उघडे पाडणारा.

हा अर्थ रूढ होण्यास गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांची २००२ सालची एक मुलाखत कारणीभूत झाली, असे सामान्यतः मानले जाते. त्यांनी मादक पदार्थांवर ७,३०,००० डॉलर उधळले, असे एका वृत्तपत्राने छापले होते. दूरचित्रवाणीवर डायान सॉयर यांनी त्याविषयी विचारताच ह्यूस्टन यांनी तो आकडा साफ नाकारला आणि त्या खरेदीच्या पावत्या आपल्याला पाहावयाच्या आहेत, असे बजावले. मौज अशी, की तेथे पावत्या मागितल्या त्या आरोप झालेल्या व्यक्तीने. आज मात्र बहुधा आरोप करणाराच त्या पुढे करतो. जुना मजकूर, छायाचित्र किंवा पडद्याची जशीच्या तशी टिपलेली प्रतिमा, म्हणजे स्क्रीनशॉट, हीच ती पावती.

ढोंग्यासाठी मराठीतही शब्दांची वाण नाही. भोंदू, मानभावी, दुतोंडी, बकध्यान लावणारा, कितीतरी आहेत. परंतु हे शब्द नुसता दोष देतात. ‘पावती’ मात्र तो सिद्ध करू पाहते. हे तिचे बळ खरे, पण तेथेच धोकाही आहे.

पावतीवरील तारीख झाकली, तर काय होईल? एक गृहस्थ तंबाखूविरुद्ध लिहितात आणि कोणीतरी त्यांचे विडी ओढतानाचे छायाचित्र पुढे करते. ते कालचे असेल, तर गृहस्थ ढोंगी ठरतात. ते दहा वर्षांपूर्वीचे असेल आणि मध्यंतरी त्यांनी ते व्यसन सोडले असेल, तर त्यांचा उपदेश उलट अनुभवाचाच म्हटला पाहिजे. छायाचित्र दोन्ही वेळी एकच. तरीही गर्दी तारीख न पाहताच हसू लागते, आणि त्या गृहस्थांचा खुलासा फार थोड्यांच्या वाचनात येतो.