दृष्टीआड सृष्टी

अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज संगणकीय पद्धतीनें भरण्याचा नियम २०२५ सालीं सर्व महाराष्ट्राला लागू झाला. त्यामुळें महाड-पोलादपूरकडील विद्यार्थ्यांनाही पडद्यावरील अर्जाशीं परिचय करून घेणें प्राप्त झालें. अशा अर्जांत एका प्रश्नास 'होय' म्हणतांच नवा विभाग उघडतो व 'नाहीं' म्हणतांच तो लुप्त होतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. ही किमया कशी घडते व तींत धोका कोठें असतो, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

अर्जाचें पान तीन गोष्टींनीं बनतें. एचटीएमएल हा त्याचा सांगाडा, सीएसएस हा पोशाख व जावास्क्रिप्ट ही चलनवलनाची शक्ति होय. जावास्क्रिप्ट ही भाषा नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं निर्माण केली. तिच्यांतील आज्ञा अर्ज भरणाराच्याच यंत्रावर, ब्राउझरमध्यें, पाळल्या जातात. अर्ज स्वीकारणाऱ्या दूरच्या सर्व्हरला प्रत्येक वेळीं विचारावें लागत नाहीं. डोंगराळ मुलखांत पावसाळ्यामुळें संपर्क क्षीण झाला असतां ही सोय फार मोलाची ठरते.

आतां एक उदाहरण घेऊं. पोलादपूरच्या एखाद्या वाडींतील मुलगा महाडच्या महाविद्यालयासाठीं अर्ज भरीत आहे, अशी कल्पना करा. 'वसतिगृह पाहिजे काय?' या प्रश्नास त्यानें 'होय' म्हटलें. ब्राउझर लागलीच 'चेंज' नांवाची सूचना देतो. त्या सूचनेची वाट पाहणारी आज्ञा वसतिगृहाच्या विभागावरील 'हिडन' हा गुण काढून टाकते व विभाग प्रकट होतो. मुलानें घरापासूनचें अंतर वगैरे माहिती लिहिली. पुढें मामाकडे राहण्याचें ठरल्यामुळें त्यानें उत्तर बदलून 'नाहीं' केलें. विभाग झांकला गेला; मात्र आंतील मजकूर तसाच राहिला! अर्ज धाडतांच तोही सोबत जातो आणि तपासनीस बुचकळ्यांत पडतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. झांकलेल्या विभागांतील एखादा रकाना 'रिक्वायर्ड', म्हणजे अवश्य भरावयाचा, असून रिकामा राहिला, तर ब्राउझर अर्ज अडवून धरतो. आणि रकानाच दिसत नसल्यामुळें चूक कोठें आहे हें मुलाला कळत नाहीं. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं असें झालें तर वर्ष वायां जाण्याची भीति!

आंबेनळी घाटांत धुकें उतरलें म्हणजे दरी दिसेनाशी होते, पण ती बुजत नाहीं. तसेंच हें आहे. यावर उपाय सोपा आहे. विभाग 'फील्डसेट' या चौकटींत घालावा व झांकतांना त्या चौकटीस 'डिसेबल्ड' हा गुणही लावावा. मग आंतील उत्तरें पाठविलीं जात नाहींत व रिकामे रकाने वाटही अडवीत नाहींत. शिवाय, आरंभीं सर्व विभाग उघडे ठेवून झांकण्याचें काम व 'रिक्वायर्ड'चें बंधन हीं दोन्हीं स्क्रिप्टकडेच सोंपवावीं. म्हणजे संपर्क तुटून ती पोंचली नाहीं तरी अर्ज भरतां येतो. अखेरची तपासणी मात्र सर्व्हरनेंच करावी. कारण ब्राउझरमधील आज्ञा कोणासही बदलतां येतात.

आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं कित्येक उद्यां असे अर्ज स्वतः रचतील. त्या अर्जापुढें बसलेला मुलगा कदाचित् एकटाच, लहानशा मोबाइलवर, कोणास विचारण्याची सोय नसतां तो भरीत असेल, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.